मेमरी कार्ड सारखं ‘करप्ट’ होतंय? फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी हे तपासा

फोन म्हणतो कार्ड खराब झालंय, कॅमेऱ्यावर ‘कार्ड एरर’ झळकतं, लॅपटॉपला लावलं तर ‘आधी फॉरमॅट करा’ अशी चौकट उघडते. फॉरमॅट केलं की कार्ड नव्यासारखं चालू लागतं आणि काही दिवसांत पुन्हा तेच. दर खेपेला थोडे फोटो, थोडे व्हिडिओ जातात ते वेगळंच.

फॉरमॅट हा या दुखण्यावरचा इलाज नाही. फॉरमॅटने फक्त कार्डावरची फायलींची नोंदवही कोरी होते. कार्ड बनावट असेल तर ते बनावटच राहतं, झिजलेलं असेल तर झिजलेलंच, आणि तुमच्या उपकरणाला झेपत नसेल तर पुढेही झेपणार नाही. त्यामुळे आधी कारण शोधायचं. त्यासाठी कार्डाच्या छापील लेबलवर किंवा स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यावर भिस्त ठेवायची नाही. कार्डावर प्रत्यक्ष लिहून, ते परत वाचून बघायचं. खरेदीच्या वेळी हीच सवय असेल तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

सगळ्यात आधी डेटा बाहेर काढा

कार्डावर हवं असलेलं काही असेल तर त्यावर नवीन काहीही लिहू नका. एकही फोटो काढू नका, ‘फॉरमॅट करायचं का’ या प्रश्नाला ‘कॅन्सल’ म्हणा, आणि संगणक ‘त्रुटी दुरुस्त करू का’ असं विचारत असेल तर त्यालाही तूर्तास नकार द्या. दुरुस्ती करणारी साधनं नोंदवहीत फेरफार करतात, आणि कार्ड आतूनच बिघडलेलं असेल तर वाचू शकल्या असत्या अशा फायलीही त्यात हरवतात.

फाइल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट केलं तरी मूळ मजकूर बहुतेकदा जागच्या जागी असतो, फक्त त्याची नोंद पुसली जाते. ‘फोटोरेक’ आणि ‘टेस्टडिस्क’ हे मोफत प्रोग्रॅम अशा वेळी कामाला येतात. फोटोरेक नोंदवहीकडे बघतच नाही. फोटो किंवा व्हिडिओची फाइल जशी सुरू होते त्या खुणा तो थेट कार्डावर शोधत जातो. त्यामुळे फायलींची मूळ नावं मिळत नाहीत, पण फोटो मिळतात. सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर चुकूनही नको. कार्ड वाचताना अडखळत असेल तर आधी त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत, काढून घ्या आणि सगळी शोधाशोध त्या इमेजवर करा. मरायला टेकलेलं कार्ड दर वाचनाला आणखी बिघडू शकतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, काही फोनमध्ये कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून वापरायची सोय आली. तसं केलं की कार्ड एन्क्रिप्ट होतं, म्हणजे त्यावरचा मजकूर किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि ती किल्ली त्या फोनमध्येच राहते. असं कार्ड लॅपटॉपला लावलं तर ते कोरं दिसणार आणि फॉरमॅट मागणार, कारण लॅपटॉपला ते वाचताच येत नाही. त्यात बिघाड काहीच नाही. कार्ड परत त्याच फोनमध्ये घाला आणि फोनमधूनच फायली कॉपी करा. फोन फॅक्टरी रीसेट केला तर मात्र ती किल्ली गेली, आणि मग कुठलाही प्रोग्रॅम तो डेटा परत आणू शकत नाही. रीसेट करायच्या आधी याची आठवण असू द्या.

दोष कार्डाचा की रीडरचा?

हे तपासायला पाच मिनिटं लागतात, म्हणून आधी हेच करा. दुसरा कार्ड रीडर लावा, दुसरा यूएसबी पोर्ट बघा. मायक्रोएसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरत असाल तर अडॅप्टर बदलून बघा. त्याच्या आतल्या पत्र्याच्या पट्ट्या सैल झाल्या की कार्ड मधेच दिसतं, मधेच गायब होतं. अडॅप्टरच्या कडेला असलेली लॉकची पट्टी खाली सरकली असेल तर ‘राइट प्रोटेक्टेड’ असा संदेश येतो. ही पट्टी कार्डाच्या आत काहीच करत नाही, तिची जागा फक्त रीडर ओळखतो. म्हणून रीडरची ती कळ बिघडली असेल तर पट्टी वर असूनही कार्ड लॉक दिसतं. कार्डाचे सोनेरी संपर्क मळले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

दोन-तीन वेगळ्या रीडरमध्ये तोच त्रास झाला तर दोष कार्डात आहे असं धरून पुढे चला.

बिघाड दिवसांनी येतो की डेटा भरल्यावर?

सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा प्रश्न हाच. दर खेपेला साधारण तेवढाच डेटा भरला की कार्ड बिघडतं का? फॉरमॅट केल्यावर पहिले काही फोटो, गाणी, व्हिडिओ व्यवस्थित आणि त्यानंतरचं सगळं निकामी, असं होतं का? तर कार्ड बनावट असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे ते १२८ जीबी असल्याचं सांगतं, पण आतली चिप ८ किंवा १६ जीबीचीच असते.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण वरवर बघता अशा कार्डात काहीच खोट दिसत नाही. प्रत्येक मेमरी कार्डात साठवणाऱ्या चिपबरोबर एक छोटा कंट्रोलर असतो. ‘तुझी क्षमता किती’ असं फोनने विचारलं की उत्तर हा कंट्रोलर देतो. त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्यात भरलेला प्रोग्रॅम, बदलून खोटं उत्तर भरता येतं, आणि फोन, कॅमेरा, संगणक ते निमूटपणे मान्य करतात. प्रॉपर्टीजमध्ये १२८ जीबीच्या हिशेबाचा आकडा दिसतो तो त्यामुळेच. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

आता असं कार्ड वापरताना काय दिसतं ते बघा. समजा खरी चिप ८ जीबीची आहे. पहिले ८ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर काढलेल्या फोटोचं नाव यादीत येतं, तारीख बरोबर, आकार ६ एमबी बरोबर. उघडला की राखाडी चौकोन, किंवा वरचा थोडा भाग ठीक आणि खाली रंगांचे पट्टे. कारण फायलींची नोंदवही कार्डाच्या सुरुवातीच्या, म्हणजे खऱ्या भागात लिहिली जाते आणि फोटोचा मजकूर अस्तित्वातच नसलेल्या जागी पाठवला जातो. गॅलरीत लहान चित्र दिसत राहतं, कारण ते बहुतेकदा फोनच्या स्वतःच्या मेमरीत साठवलेलं असतं. म्हणून माणूस निश्चिंत राहतो आणि महिन्याभराने फोटो उघडायला जातो तेव्हा कळतं.

काही बनावट कार्डं जादा मजकूर नुसता सोडून देतात. काही मात्र पुन्हा पहिल्या पत्त्यावर येऊन जुन्या फोटोंवरच नवे लिहितात. या दुसऱ्या प्रकारात केव्हातरी खुद्द नोंदवहीच खरडली जाते आणि मग ती ‘फॉरमॅट करा’ची चौकट येते. फॉरमॅट केलं की कार्ड रिकामं होतं, पुन्हा ८ जीबीपर्यंत उत्तम चालतं आणि पुन्हा बिघडतं. हे चक्र दहा वेळा फॉरमॅट करूनही थांबत नाही.

खात्री करायचा मार्ग एकच. कार्ड पूर्ण भरायचं आणि पूर्ण वाचून ताडून बघायचं. विंडोजवर त्यासाठी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा जुना पण चोख प्रोग्रॅम आहे. लिनक्स आणि मॅकवर ‘एफ३’ आहे. दोन्ही मोफत आहेत आणि दोघांची पद्धत एकच: कार्डावर १ जीबीच्या फायली एकामागून एक लिहीत जायचं, कार्ड भरलं की त्या पहिल्यापासून वाचायच्या आणि लिहिलं होतं तेच परत मिळतंय का हे बघायचं. चाचणीआधी डेटा दुसरीकडे हलवा आणि कार्ड रिकामं करा. अर्ध्या कार्डावर केलेली चाचणी निरुपयोगी, कारण खोटा भाग नेमका उरलेल्या अर्ध्यात असू शकतो. १२८ जीबीचं कार्ड सेकंदाला १५ एमबी वेगाने लिहीत असेल तर नुसतं लिहायलाच दोन तासांहून जास्त वेळ जातो. रात्री लावून झोपा.

शेवटी ‘टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स’ आलं तर क्षमता खरी आहे. ‘डेटा लॉस्ट’ आणि त्यापुढे मोठा आकडा आला तर निकाल लागला. बरोबर निघालेला भाग ८, १६ किंवा ३२ जीबीच्या आसपास असेल तर क्षमता खोटी आहे. चुका कार्डभर विखुरलेल्या असतील तर क्षमता खरी असूनही चिप खराब असू शकते, किंवा रीडर गडबड करत असतो. अशा वेळी दुसऱ्या रीडरवर चाचणी पुन्हा करा.

हाताने तपासणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. एक मोठा व्हिडिओ कार्डावर कॉपी केला, लगेच उघडून बघितला, चालला, म्हणजे कार्ड ठीक, असं समजू नका. लगेच उघडलेली फाइल बऱ्याचदा संगणकाच्या रॅममधून येते, कार्डातून नाही. कार्ड ‘इजेक्ट’ करून बाहेर काढा, पुन्हा लावा आणि मग उघडा.

बनावट कार्डाची खरी क्षमता शोधून तेवढंच पार्टिशन करून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा काढून, वापरता येतं, एफ३ मध्ये तशी सोय आहे. पण क्षमतेबद्दल ज्यांनी खोटं भरलं त्यांनी आत चांगली चिप घातली असेल असं मला वाटत नाही. गमावलं तर चालणार नाही असं काहीही त्यावर ठेवू नका.

ग्राफिक्स कार्डांच्या बाजारातही हाच प्रकार चालतो, म्हणून दोन ओळी त्याबद्दल. जुन्या, कमी ताकदीच्या कार्डाचं बायॉस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्याला नव्या मॉडेलचं नाव दिलं जातं. विंडोज ते नाव जसंच्या तसं दाखवतं, आणि खेळ किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की स्क्रीन काळी पडते किंवा ड्रायव्हर वारंवार कोसळतो. लोक ड्रायव्हर बदलत बसतात. ‘जीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्रॅम २०१८ पासून एनव्हिडियाची अशी अनेक बनावट कार्डं ओळखून नावाआधी ‘फेक’ लिहितो. वापरलेलं कार्ड घेताना पैसे देण्याआधी तो चालवून बघा आणि दिसणारी मेमरी, चिपचं नाव, शेडर्सची (चिपमधल्या छोट्या गणन-घटकांची) संख्या उत्पादकाच्या अधिकृत माहितीशी ताडून पाहा.

क्षमता खरी आहे, तरीही उपकरण नाकारतं

इथे प्रश्न प्रकाराचा असतो. २ जीबीपर्यंतचं कार्ड साधं एसडी, त्यावर ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, त्यापुढे २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी. एसडीएचसी कार्डं फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली येतात, एसडीएक्ससी एक्सफॅटमध्ये; फायलींची नोंदवही ठेवायच्या या दोन पद्धती. जुना कॅमेरा, जुना म्युझिक प्लेअर किंवा गाडीतला स्टीरिओ एक्सफॅट वाचत नसेल तर ६४ जीबीचं उत्तम कार्डही त्याला खराबच वाटणार. उपकरणाच्या माहितीपत्रकात ‘कमाल ३२ जीबी’ असं लिहिलं असेल तर ३२ चंच घ्या. ६४ जीबीचं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून काही उपकरणांत चालतं, पण महत्त्वाच्या कामासाठी मी त्यावर विसंबणार नाही.

उलटा त्रासही होतो. कार्ड जवळजवळ रिकामं असताना मोठा व्हिडिओ कॉपी होत नाही आणि ‘फाइल फार मोठी आहे’ असं येतं. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही, एवढंच त्याचं कारण. उपकरण एक्सफॅट वाचत असेल तर त्यात फॉरमॅट करा. हे फॉरमॅट शक्यतो ज्या कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये कार्ड वापरायचं त्यातच करा. संगणकावर करायचंच असेल तर एसडी कार्डांची मानकं ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचा स्वतःचा ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ वापरा, तो कार्डाच्या आतल्या रचनेला धरून विभागणी करतो.

आणि ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९.६ जीबी दिसलं तर घाबरू नका. कार्डवाले १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. १२८ चं साधारण ११९ दिसतं. यात कुणी फसवलेलं नाही.

रेकॉर्डिंग मधेच थांबतं

पाकिटावर ठळक छापलेला ‘१०० एमबी प्रति सेकंद’ हा आकडा बहुतेकदा वाचण्याचा असतो. व्हिडिओ रेकॉर्ड करताना लिहिण्याचा वेग लागतो, तोही अखंड. त्यासाठी छोट्या खुणा बघायच्या: वर्तुळातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू अक्षरातला ३ म्हणजे ३०, व्ही३०, व्ही६० आणि व्ही९० म्हणजे अनुक्रमे ३०, ६० आणि ९०.

कॅमेऱ्याचा आकडा मात्र मेगाबिटमध्ये असतो. त्याला आठने भागा. १०० मेगाबिटचं फोर-के रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, त्याला व्ही३० पुरून उरतं. ४०० मेगाबिट म्हणजे ५० एमबी, तिथे व्ही६० हवंच. खूण व्ही३० ची असून रेकॉर्डिंग थांबत असेल तर एच२टेस्टडब्ल्यू शेवटी लिहिण्याचा वेगही दाखवतो, तो बघा. रीडर यूएसबी २.० चा असेल तर तो स्वतःच ३०-४० एमबीच्या आसपास अडतो, म्हणून वेग मोजताना यूएसबी ३.० चा रीडर घ्या.

मागच्या बाजूला संपर्कांच्या दोन ओळी असलेली यूएचएस-दोन कार्डं महाग असतात. तुमच्या कॅमेऱ्याच्या खाचेत दुसरी ओळ नसेल तर ती यूएचएस-एकच्या वेगानेच चालतात, त्यामुळे आधी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक वाचा. फोनमध्ये ॲप कार्डावर ठेवणार असाल तर ए१ किंवा ए२ ही खूण व्हीपेक्षा महत्त्वाची, कारण ती बारीक-बारीक तुकडे भराभर वाचण्या-लिहिण्याबद्दल सांगते. ए२ चा पूर्ण फायदा फोनमध्ये तशी सोय असेल तरच मिळतो.

डॅशकॅम आणि सीसीटीव्हीमधली कार्डं

इथे कार्ड बनावट नसतं, उपकरणाशी जुळतं, वेगही पुरतो, तरी वर्षभरात मान टाकतं. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. हिशेब करून बघा. कॅमेरा ४ मेगाबिटने दिवसरात्र लिहीत असेल तर तासाला १.८ जीबी, दिवसाला ४३ जीबीच्या वर. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड रोज एकदाहून अधिक पूर्ण पुसलं आणि लिहिलं जातं. १२८ जीबीचं तेच काम तीन दिवसांतून एकदा करतं. म्हणून इथे मोठं कार्ड घेणं ही चैन नाही, आयुष्य वाढवायचा तो सरळ उपाय आहे. त्यातही ‘हाय एन्ड्युरन्स’, म्हणजे सतत लिहिण्या-पुसण्याला जास्त टिकणारं, असं लिहिलेलं घ्या. साध्या कार्डांच्या वॉरंटीत असा अखंड वापर कित्येकदा वगळलेला असतो, बारीक अक्षरांत ते सापडेल.

झिजलेलं कार्ड बऱ्याचदा एका खास तऱ्हेने वागतं. फायली डिलीट होतात, फॉरमॅटही ‘यशस्वी’ होतं, आणि कार्ड काढून परत लावलं की सगळ्या जुन्या फायली जशाच्या तशा हजर. कंट्रोलरने कार्डावर लिहिणं बंद करून ते फक्त वाचण्यापुरतं ठेवलेलं असतं. कुठल्याही सॉफ्टवेअरने ते लिहिण्यासाठी पुन्हा उघडत नाही. फायली उतरवून घ्या आणि कार्ड बदला.

आणखी एक कारण विजेचं. लिहिणं चालू असताना गाडीचं इग्निशन बंद झालं किंवा कार्ड ओढून काढलं तर नोंदवही अर्धवट राहते. हे कार्ड मात्र फॉरमॅट केल्यावर खरोखर बरं होतं. त्रास नेहमी असा वीज तुटल्यावरच होत असेल तर कार्डाऐवजी उपकरणाची बॅटरी किंवा वायरिंग तपासून घ्या.

नवं घेताना

अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर ब्रँडच्या नावाबरोबर प्रत्यक्ष विकणारा कोण आहे ते बघा, एकाच पानावर अनेक विक्रेते असतात. क्षमतेच्या मानाने किंमत फारच कमी असेल तर ते कार्ड नकोच. एसडीएक्ससीची खूण असून २ टीबीपेक्षा जास्त क्षमता लिहिली असेल तर लेबलच खोटं आहे, कारण त्या प्रकाराची हद्द तिथेच संपते. उपकरणाच्या उत्पादकाने चालणाऱ्या कार्डांची यादी दिली असेल तर माझ्या किंवा कुणाच्याही सल्ल्यापेक्षा ती यादी मोठी.

कार्ड हातात आल्यावर पाकीट फेकू नका. त्याच दिवशी पूर्ण क्षमतेची चाचणी लावा, परत करायची मुदत संपण्याआधी. निकालाच्या खिडकीचा स्क्रीनशॉट घ्या, कार्डाच्या दोन्ही बाजूंचा आणि पाकिटावरच्या क्रमांकाचा फोटो काढा. कार्ड बनावट निघालं तर परताव्यासाठी विक्रेत्याला हेच तिन्ही पाठवा, आणि ब्रँडच्या ग्राहक सेवेलाही कळवा. चाचणीत पास झालं तर त्या चाचणीच्या फायली पुसा, कार्ड कॅमेऱ्यात घाला आणि तिथेच एकदा फॉरमॅट करून वापरायला सुरुवात करा.